त्याची डावी बाजू

१२ जून

ठकू,

तू म्हणाली होतीस, "आता मला फोन करू नकोस." सुरुवातीला दोनदा केला, तू ठेवून दिलास, त्यानंतर मी रिसीव्हरला हात लावलेला नाही. हे पत्र आहे. पत्राला फोन म्हणत नाहीत, तेव्हा मी तुझा शब्द मोडलेला नाही. एवढं लक्षात घे आणि मग फाडायचं तर खुशाल फाड.

मी बरी आहे. घर आहे तसं आहे. बाबांची खुर्ची मी खिडकीपासून हलवली, मग करमेना म्हणून परत तिथेच ठेवली. तुझा नवरा, बाळ कसे आहेत ते विचारत नाही, कारण उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. बाळ आता बसायला लागलं असेल, असा आपला माझा अंदाज.

सांगायचं होतं ते वेगळंच. बाबांचं घड्याळ बंद पडलं होतं. ते घेऊन बाजारातल्या घड्याळजींकडे गेले. डोळ्याला भिंग लावून बसलेला तुसडा म्हातारा. मी म्हटलं, "हे चालू होईल का बघा." त्यांनी मान वर न करताच विचारलं, "तुम्ही बसस्टँडवरच्या बाई ना? फलाट क्रमांक दोनवरून सुटणारी?" मी म्हटलं, मी कुठूनच सुटत नाही, गाड्या सुटायच्या. जन्म गेला त्या माइकसमोर; निवृत्त झाल्यावरही लोक आवाजावरून ओळखतात. बाबा म्हणायचे ना, ही मला चहालासुद्धा अशी बोलावते की वाटतं उशीर झाला तर चहा निघून जाईल.

तर या घड्याळजींनी मला कामाला जुंपलंय. अंधांच्या ग्रंथालयात ते फुकट सेवा करतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून टेपवर घ्यायची. मशीन ते चालवतात, वाचायला माणूस हवा होता. मी म्हटलं, मला समाजसेवा वगैरे जमत नाही. ते म्हणाले, "सेवा कसली? घरी भिंतींशी बोलत असाल, तेच इथे येऊन बोला."

मेला मनकवडा आहे. मी खरंच भिंतींशी बोलत होते, ठकू.

तूर्तास एवढंच.
आई


८ ऑगस्ट

ठकू,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. मी आयुष्यभर घोषणाच केल्या, प्रवाशांनी कधी उलट उत्तर दिलं नाही.

खोली कशी आहे सांगते. ग्रंथालयाच्या मागची अडगळीची खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. पंखा बंद ठेवायचा, नाहीतर तो टेपमध्ये घरघरतो. बांगड्या काढायच्या, घड्याळ काढायचं, पानं सुटी करून ठेवायची म्हणजे उलटताना खसखसत नाहीत. आणि उपाशीपोटी यायचं नाही. पहिल्याच दिवशी माझं पोट असं गुरगुरलं की पलीकडून घड्याळजींनी मशीन थांबवलं आणि काचेतून बिस्किटाचा पुडा दाखवला. ते कानाला हेडफोन लावून बसतात, समोर तेच पुस्तक. शब्द चुकला की बोट वर करतात. मी परत वाचते. त्या बोटाची मला आता भीती वाटते.

नियम एकच: दिसेल ते सगळं वाचायचं आणि पदरचं काही घालायचं नाही. चित्र आलं तर चित्रात काय आहे ते सांगायचं.

मला दिलंय शरीरशास्त्राचं पुस्तक. एक मुलगी फिजिओथेरपी शिकतेय, जन्मापासून दिसत नाही तिला. दर पानाला चित्र! हाडं, स्नायू, नसा. पुस्तक स्वतः काही सांगायचे कष्ट घेत नाही, "चित्र पहा" म्हणून मोकळं होतं. मग ते चित्र मी तिला दाखवायचं, जिभेनं. बरगड्या सांगताना मी "टोपलीच्या कामट्यांसारख्या" म्हटलं. बोट वर! पदरचं घातलं म्हणून. पण पोरीनं निरोप पाठवला, टोपली राहू द्या, टोपलीमुळेच कळलं.

परवा ती स्वतःच आली. सडपातळ, केस कापलेले, बोलताना मान थोडी कलती. मला म्हणाली, "पुस्तकवाल्या काकू, एक विचारू? फुप्फुसाच्या धड्यापासून तुमच्या आवाजात वाळू आलीये. आधीच्या टेपमध्ये नव्हती."

मी म्हटलं, म्हातारपण आलंय गं. ती म्हणाली, "म्हातारपण असं एका धड्यात येत नाही."

आगाऊ आहे. तुझ्यासारखीच.

थोडा खोकला आहे, हवेचा. बाकी मी ठणठणीत.
आई


२१ सप्टेंबर

ठकू,

एक वाईट गोष्ट झाली आणि ती सांगायला मला तुझ्याशिवाय माणूस नाही. वाचत नसलीस तरी.

पोरगी परीक्षेत नापास झाली. माझ्यामुळे.

तोंडी परीक्षा होती. पलंगावर एक माणूस झोपवलेला, आणि परीक्षक विचारणार, हा अवयव कुठे, हाताने दाखव. यकृत दाखव म्हणाले, तिनं त्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. पुढचंही तसंच. जे उजवीकडे ते डावीकडे, जे डावीकडे ते उजवीकडे. परीक्षक म्हणाले, "या माणसाला तू आरशात पाहिलंस का?" सगळे हसले. तिला, जिनं आरसा म्हणजे काय हे पाहिलेलं नाही.

तुझ्या लक्षात आलं का काय झालं? चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. आणि मी शहाणी, मला जे डावीकडे दिसलं ते डावीकडे म्हणून सांगत गेले. अख्खं पुस्तक! स्वच्छ आवाजात, एकही शब्द न चुकवता. घड्याळजींचं बोट एकदाही वर झालं नाही, कारण ते शब्द तपासतात, चित्राकडे बघतच नाहीत. आम्ही दोन डोळस माणसं.

मी तिला म्हटलं, अगं, हृदय डावीकडे असतं हे तर शेंबडं पोरही जाणतं. मी उजवीकडे म्हटलं तेव्हा तू बोलली का नाहीस? म्हणाली, "हृदयाचं मला ठाऊक होतं काकू, हात ठेवला की लागतं. वाटलं, तेवढीच तुमची जीभ घसरली. उगाच कशाला चूक काढायची. तुम्ही एवढ्या मायेनं वाचता."

मी रडले. गाद्यांच्या खोलीत एक बरं, बाहेर काही ऐकू जात नाही. ती माझी पाठ चोळत उभी राहिली, नापास झालेली ती, आणि म्हणाली, "तुम्ही खोटं काहीच सांगितलं नाहीत. फक्त तुमच्या बाजूनं सांगितलंत."

फेरपरीक्षा डिसेंबरात आहे. त्यातही नापास झाली तर तिला अभ्यासक्रम सोडावा लागेल, आणखी संधी देत नाहीत. म्हणून सगळी चित्रं पुन्हा वाचायला घेतलीयेत. आता आधी चित्र बाहेरच्या बाजूला करून पुस्तक छातीशी धरते, म्हणजे चित्रातला माणूस आणि मी एकाच दिशेला तोंड करून उभे राहतो, मग हात लावून ठरवते याचं डावं कुठलं. घड्याळजी काचेतून बघत असतात. त्यांना वाटत असेल बाई पुस्तकाला कवटाळून बसली.

तिनं मला हाताला धरून घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कोण कुणाला रस्ता दाखवत होतं देव जाणे. काही नाही, सर्दी उतरलीये म्हणाल्या. औषध दिलंय.
आई


९ ऑक्टोबर

ठकू,

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोटी होती.

सर्दी नाही. घशात गाठ आहे, वाईट जातीची. तुकडा काढून तपासला. स्वरयंत्र काढून टाकावं लागेल. या महिनाअखेरीला शस्त्रक्रिया ठरलीये. गळ्याला भोक पाडतील, तिथून श्वास घ्यायचा. जगेन बहुतेक. वेळेवर आलात म्हणाल्या डॉक्टरीणबाई, कुणी पाठवलं? मी म्हटलं, माझ्या विद्यार्थिनीनं. पण बोलता येणार नाही. पुढे एक यंत्र मिळतं म्हणे, गळ्याला लावलं की डब्यात भुंगा अडकल्यासारखा आवाज निघतो. ते बघू.

हे तुला कळवायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. परक्या देशात तू, कडेवर लहान मूल, कशाला तुझ्या जिवाला घोर. बाबांच्या शेवटच्या दुखण्यातही मी हाच विचार केला. तुझे दिवस भरत आले होते, आधीचं एक गेलेलं, डॉक्टरांनी तुला अंथरुणातून उठू नको म्हटलेलं. मी कळवलं असतं तर तू विमानात बसली असतीस, आणि मला दोन्हीकडची भीती. आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्या आईनं दुसरं काय करायचं होतं?

तू फोनवर किंचाळली होतीस, "माझा बाप होता, तू कोण ठरवणार?" मला ते फार लागलं. अजून लागतं. पण हल्ली पुस्तक छातीशी धरलं की ते वाक्य आठवतं, आणि राग येत नाही. मी माझ्या बाजूनं सांगत होते, ठकू. यापुढे तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही, म्हणून हे लिहिलं.

आता माझ्याकडे आवाज थोडा उरलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, जपून वापरा. मी घरात बोलत नाही, दुकानात बोट दाखवते, शेजारणीला वाटतं मला गर्व चढला. सगळा आवाज पुस्तकासाठी ठेवलाय. मी म्हटलं होतं शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकला, पुस्तक संपू दे. घड्याळजींनी मशीनची वायरच उपटली. म्हणाले, "तारीख हलवलीत तर हा दरवाजा बंद. पोरगी काय म्हणेल, माझ्या परीक्षेसाठी काकू गेल्या?" मग मी तारीख हलवली नाही.

पोटाची चित्रं झाली. हातापायांची झाली. गळ्याचा धडा उरलाय. त्यात स्वरयंत्राचं चित्र आहे. गंमत वाटते, एवढंसं असतं गं ते. मधून दुभंगलेलं, दोन्हीकडून सारखं, डाव्या-उजव्याची चूक व्हायला जागाच नाही.

एक घोटभर आवाज मी बाजूला ठेवलाय. महिनाअखेरीपर्यंत रोज दिवेलागणीला मी फोनजवळ बसते. तुला करावासा वाटला तर कर. भांडायला केलास तरी चालेल. नाही वाटला तर नको करूस, मी काही म्हणणार नाही. फक्त तुला माहीत नव्हतं असं पुन्हा व्हायला नको.
तुझी
आई


२७ नोव्हेंबर

ठकू,

फोन आला तुझा. काल दुपारी.

घरात मी एकटीच होते. घंटा वाजली आणि सवयीनं उचलला. तू म्हणालीस, "आई?"

इतक्या दिवसांनी. मागे बाळ काहीतरी बडबडत होतं. मला वाटलं मी म्हटलं, "बोल बाळा." तोंड उघडलं होतं, ओठही हलले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा गेली.

तू म्हणालीस, "आई, आम्ही घर बदललं. तुझी तीन पत्रं आज एकदम मिळाली, जुन्या पत्त्यावरून फिरत आली. खोकला कसा आहे तुझा?" मग थांबलीस. मी टेबलावरचा चमचा उचलून रिसीव्हरवर वाजवला. तू म्हणालीस, "लाइन खराब आहे का?" मी परत वाजवला. "आई, आहेस ना तू? श्वास ऐकू येतोय मला तुझा." मी जोरजोरात वाजवला, वेड्यासारखा. मग हळूच म्हणालीस, "बोलायचंच नाहीये का? बरं. माझीही चूक आहेच. समजलं." आणि ठेवलास.

तीन पत्रं म्हणालीस. चौथं कुठे फिरतंय देवाला ठाऊक. त्यात लिहिलं होतं सगळं. ते मिळेपर्यंत तुला वाटत राहणार, आईनं अबोला धरला. मी आणि अबोला! माझा आवाज काढून टाकलाय ठकू, शस्त्रक्रियेत, गळ्यात गाठ होती म्हणून. मी रागावलेली नाही. जिवंत आहे. तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही, नवा पत्ता नाही, म्हणून हेही त्याच जुन्या पत्त्यावर टाकतेय. पोरगी म्हणाली, रोज एक टाका, एखादं तरी लवकर पोचेल. तसंच करणार आहे.

ती पोरगी रोज येते. टेप ऐकत बसते आणि माझा दंड, पोटरी, खांदा चाचपून धडा घोकते. "हा तुमचा डावा, म्हणजे माझ्या उजव्या हाताला." मी टाळी वाजवते. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. पास होईल. शस्त्रक्रियेनंतर माझा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता, तो तिनंच सोडवला.

मी गाद्यांच्या खोलीत परत जायला लागलेय. घड्याळजींना डोळ्यांचा त्रास आहे, म्हणून त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. हेडफोन लावून. एक बँकेतला निवृत्त माणूस वाचायला येतो, भूगोल. चुकला की मी बोट वर करते. फार घाबरतो. मी शब्द तपासते आणि नकाशेही तपासते.

पण माणसं निघून गेली की त्या खोलीत बसवत नाही. मी जिथे बोलायचे ती खुर्ची काचेतून रिकामी दिसते.

या पत्रासोबत एक कॅसेट आहे, घड्याळजींनी काढून दिलेली नक्कल. शरीरशास्त्राच्या शेवटच्या टेपची मागची बाजू कोरी राहिली होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत मी फोनजवळ बसले. नाही आला. मग घड्याळजींना म्हटलं, एक चित्र राहिलंय. ते मशीन चालू करून बाहेर जाऊन बसले. काचेपलीकडे तेव्हा बोट वर करायला कुणी नव्हतं.

ते पुस्तकातलं चित्र नाही. बाबांच्या शेवटच्या दिवसांतली खोली आहे, तू न पाहिलेली. जशी होती तशी सांगितलीये, पदरचं काही घातलेलं नाही. तुला पलंगाच्या पायथ्याशी उभं केलंय. खिडकी तुझ्या डाव्या हाताला. बाबांचा उजवा हात चादरीबाहेर आहे, तोही तुझ्या डाव्या हाताला. घड्याळ कुठे ठेवलंय, पाण्याचा पेला कुठे, चेहऱ्यावर ऊन कुठून येतंय, सगळं. ते काय म्हणाले तेही. तुझं नाव किती वेळा आलं ते मी मोजलं नाही, पण ते आलं त्या प्रत्येक वेळी मी काय उत्तर दिलं, ते सांगितलंय. ते ऐकताना तुला राग येईल. येऊ दे.

आवाज माझा चांगला लागलेला नाही. मधे मधे नुसतीच खरखर आहे. पण तोच माझा शेवटचा, आणि तो मी तुझ्यासाठी ठेवला होता.

ऐकून झालं की फोन कर. केव्हाही कर, मी उचलीन. पलीकडून चमचा वाजला की लाइन खराब आहे असं समजू नकोस. एकदा वाजला म्हणजे हो, दोनदा वाजला म्हणजे नाही. तू विचार, बाबांचं विचार, भांड, बाळाला बोलायला लाव. मी ठेवणार नाही. तूही लगेच ठेवू नकोस.

तुझी
आई